वहीत एकशे सत्त्याऐंशी, तुमच्या नोंदीत एकतीस

प्रति,
हौशी बॉक्सिंग महासंघांचे पदाधिकारी, व्यावसायिक बॉक्सरना परवाने देणारी मंडळं आणि जागतिक किताबांना मान्यता देणाऱ्या संघटनांचे प्रमुख यांस,

सविनय नमस्कार.

माझ्यासमोर दोन उत्तरं आहेत. दोन्ही छापील, दोन्हींवर शिक्का, आणि दोन्हींत तोच एक शब्द: कक्षेबाहेर. हौशी संघटनेनं कळवलंय की माझा भाऊ व्यावसायिक झाला त्या दिवसापासून त्याची प्रकृती त्यांच्या कक्षेबाहेर गेली. परवाना देणाऱ्या मंडळानं कळवलंय की व्यावसायिक होण्याआधीच्या लढती त्यांच्या कक्षेबाहेर आहेत. मी दोघांना एकच प्रश्न विचारला होता, आणि तोही माझा नव्हता, मेंदूच्या डॉक्टरांचा होता. एकूण किती लढती झाल्या, डोक्याला मार बसून किती वेळा थांबवावं लागलं, शुद्ध किती वेळा गेली? त्याची अधिकृत नोंद आणा, असं ते म्हणाले होते. ती कुणाकडेच नाही. माझ्या वहीत आहे.

मंडळाच्या पत्रात आणखी एक परिच्छेद आहे. परवान्यासाठी पुन्हा अर्ज केल्यास नेहमीच्या तपासणीनंतर त्याचा विचार करता येईल, असं त्यात लिहिलंय. माझा भाऊ आज छत्तीस वर्षांचा आहे. एकच प्रश्न तासाभरात तीनदा विचारतो. त्या परिच्छेदानंतर मला गप्प बसवेना, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितेय. त्या दोन कार्यालयांची नावं मी मुद्दाम देत नाही. त्यांनी खोटं काही लिहिलेलं नाही, नियमाप्रमाणेच लिहिलंय. नियम असा आहे हीच माझी तक्रार आहे, आणि तो बदलणं तुम्हा सगळ्यांच्या हातात आहे.

वहीबद्दल सांगते. भाऊ बाराव्या वर्षी पहिल्यांदा रिंगमध्ये उतरला. आईला बघवत नसे, म्हणून त्याच्याबरोबर मी जायचे. मला खेळातलं काही कळत नव्हतं. नुसतं बसून राहवेना म्हणून लिहायला लागले: तारीख, वजनगट, समोरचा कोण, किती फेऱ्या, निकाल. शेवटचा रकाना शेऱ्याचा. नाकातून रक्त आलं, दुसऱ्या फेरीत आठचा काउंट मिळाला (जबर ठोसा बसल्यावर पंच लढत थांबवून आठपर्यंत मोजतात तो), रात्री डोकं दुखलं, उलटी झाली, काही झालं नाही. प्रत्येक नोंदीपुढे तो सही करायचा. मी विसरले तर स्वतः आठवण करून द्यायचा, "ताई, माझी सही राहिली." तेवीस वर्षांचा होईपर्यंत त्या वहीत १५६ हौशी लढती झाल्या. पुढची नऊ वर्षं तो व्यावसायिक होता, त्या ३१. एकूण १८७. तुमच्या नोंदीत तो ३१ लढतींचा बॉक्सर आहे.

व्यावसायिक परवान्याचा अर्ज भरायला मीच गेले होते त्याच्याबरोबर. अर्जात ‘आतापर्यंतच्या लढती’ असा रकाना होता. मी १५६ लिहिलं. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी अगदी सौजन्यानं ते खोडलं आणि तिथं शून्य लिहिलं. "व्यावसायिक म्हणून पहिलीच आहे ना, मग शून्य." आम्ही दोघं बाहेर येऊन हसलो. कोरी पाटी मिळाली म्हणून भाऊ खूश होता. त्या शून्याचा अर्थ मला कळायला तेरा वर्षं लागली.

ही माझ्या भावापुरती गोष्ट नाही. वासिल लोमाचेंको २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये व्यावसायिक झाला तेव्हा २००८ आणि २०१२ ची दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं त्याच्याकडे होती, आणि हौशी कारकीर्द ३९६ विजय, एक पराभव अशी सांगितली जायची. २०१४ च्या मार्चमध्ये ओर्लांडो सालिडोविरुद्ध तो जागतिक किताबासाठी उतरला. जाहिराती त्या व्यावसायिक म्हणून त्याची दुसरीच लढत असल्याचं सांगत होत्या. याची दुसरी लढत आणि थेट किताब, हेच तर विकायचं होतं. त्याच जाहिरातीत ते ३९६ विजयही होते. म्हणजे तिकिटं खपवायची असतात तेव्हा हौशी लढती मोजल्या जातात. वैद्यकीय अर्जावर मोजायची वेळ आली की त्या नसतात. एकाच माणसाचा हिशेब दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी मांडला जातो, आणि तुमच्यापैकी कुणालाच ते खटकत नाही, याचं मला दुःख वाटतं.

हौशी आणि व्यावसायिक हे दोन वेगळे खेळ आहेत, असं तुम्ही म्हणता. बऱ्याच अंशी खरं आहे, आणि त्या फरकानं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. हौशीत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. वेग हवा, पाय हवेत, स्वच्छ ठोसा लगावून पंचांच्या नजरेत भरायचं आणि निसटायचं. मात्र स्पर्धा असली की आठवड्याभरात चार-पाच वेळा उतरायचं. सोमवारचं डोकं दुखणं थांबायच्या आत बुधवारची घंटा होते. व्यावसायिकात वर्षाला चार-पाच लढती म्हणजे खूप, पण सुरुवात चार फेऱ्यांनी होते आणि किताबाला बारा. तिथं घाई चालत नाही. आधी बरगड्यांवर, पोटावर काम करायचं. सातव्या-आठव्या फेरीत समोरच्याचे हात आपोआप खाली येतात, मग डोकं. ग्लोव्हजही लहान, वेल्टरवेटपर्यंत, म्हणजे साधारण ६७ किलोंपर्यंतच्या वजनगटांत, आठ औंसांचे, हौशीत दहा-बारा. हौशीत वजन लढतीच्या दिवशी सकाळी होतं. व्यावसायिकात आदल्या दिवशी, म्हणून बॉक्सर अंगातलं पाणी घालवून वजन उतरवतात आणि रात्रभरात पुन्हा चढवतात. भाऊ गरम पाण्याच्या टबात बसून वजन उतरवायचा तेव्हा मी दारापाशी बसून त्याच्याशी बोलत राहायचे. बोलणं थांबलं की भीती वाटायची.

इतका फरक आहे, म्हणूनच एका खेळातून दुसऱ्यात जाणाऱ्याची पाठीमागची नोंद जास्त महत्त्वाची असायला हवी. इथं मी हौशी महासंघांचं मनापासून कौतुकही करते. त्यांच्याकडे एक चांगला नियम आहे. डोक्यावरच्या मारामुळे लढत थांबली तर किमान ३० दिवस विश्रांती. तीन महिन्यांत असं दोनदा झालं तर ९० दिवस. वर्षात तीनदा झालं तर जवळजवळ वर्षभर. खेळाडूच्या नोंदपुस्तकात डॉक्टर ते लिहितात, आणि ते पुस्तक दाखवल्याशिवाय वजनकाट्यावर उभं राहता येत नाही. ज्यानं हा नियम केला त्याला डोकं म्हणजे काय हे ठाऊक होतं.

भावाच्या शेवटच्या हौशी वर्षात सात आठवड्यांच्या अंतरानं दोनदा असं झालं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी ९० दिवस लिहिले. एकोणसत्तराव्या दिवशी त्यानं व्यावसायिक करारावर सही केली आणि चौऱ्याऐंशीव्या दिवशी तो पहिली व्यावसायिक लढत खेळला. कुणी नियम मोडला नाही. ते पुस्तक कुणी मागितलंच नाही. अजूनही आमच्या कपाटात आहे, शेवटच्या पानावर डॉक्टरांची सही आणि लाल शाईत ९०. दोन घड्याळं होती, एक थांबलं आणि दुसरं शून्यापासून सुरू झालं. मधल्या फटीतून माझा भाऊ गेला. त्याचे हौशी प्रशिक्षक चांगले होते, व्यावसायिक प्रशिक्षकही वाईट नव्हते. दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत, कारण तसं बोलायची व्यवस्थाच नाही.

बेनी पारेटचं नाव तुम्हाला मी सांगायला नको. १९६२ च्या मार्चमध्ये एमिल ग्रिफिथविरुद्धच्या लढतीत तो कोसळला आणि दहा दिवसांनी गेला. ती लढत चित्रवाणीवर दिसली म्हणून जगाला आठवते. पण त्याआधी डिसेंबरमध्ये, चार महिनेही झाले नव्हते, जीन फुलमरनं त्याला नॉकआउट केलं होतं, आणि सप्टेंबरमध्ये तो ग्रिफिथशीच पंधरा फेऱ्या खेळला होता. सहा महिन्यांत तीन जबर लढती. सगळ्या व्यावसायिक, सगळ्या नोंदीत, तरी कुणी बेरीज केली नाही. जे लिहिलेलं असतं त्याचीही बेरीज होत नसेल, तर जे खोडून शून्य केलंय त्याची कोण करणार?

सरावातल्या मारामारीचा तर कुठेच पत्ता नाही. हे मी कबूल करते की माझ्या वहीतही तो नाही, म्हणजे माझा आकडाही कमीच आहे. व्यावसायिक झाल्यावर पहिली दोन वर्षं भाऊ मोठ्या बॉक्सरांचा स्पारिंग जोडीदार होता. किताबाच्या तयारीत असलेल्या माणसाला आठ-आठ फेऱ्या द्यायच्या, आठवड्यातून तीनदा. त्याच्या आयुष्यातले सगळ्यात जड ठोसे त्यानं प्रेक्षक नसलेल्या खोलीत खाल्ले. एकदा लढत थांबवल्यानंतर त्याच्यावर ४५ दिवसांची बंदी होती. लढतीवर होती, सरावावर नव्हती. दहाव्या दिवशी तो हेडगार्ड घालून स्पारिंगला उभा होता. हेडगार्डनं भुवई फुटत नाही, सूजही कमी येते. पण डोकं झटक्यानं फिरतं तेव्हा मेंदू कवटीच्या आत हलतो, त्याला हेडगार्ड अडवू शकत नाही. हौशी बॉक्सिंगनं १९८० च्या दशकात हेडगार्ड आणला आणि २०१३ मध्ये वरच्या गटातल्या पुरुषांसाठी काढून टाकला, तेव्हाही हाच वाद झाला होता. त्या वादात मी पडत नाही. दहाव्या दिवशी कुणीतरी विचारायला हवं होतं, इतकंच माझं म्हणणं आहे.

तो व्यावसायिक झाला कशासाठी, हेही सांगते, कारण त्यात हौशी कारभाऱ्यांचा वाटा आहे. पैशासाठी गेला हे खरं, पण ते कारण एकटं नव्हतं. निकालांवरचा विश्वास उडाला होता. १९८८ साली सोलमध्ये रॉय जोन्स ज्युनियरनं ८६ ठोसे लगावले, समोरच्यानं ३२, आणि सुवर्ण समोरच्याला मिळालं. स्पर्धेतल्या उत्कृष्ट बॉक्सरचा करंडक मात्र जोन्सच्या हातात दिला. त्यानंतर बटणं दाबून गुण मोजायची यंत्रं आली, मग ती गेली, मग फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण द्यायची पद्धत आली. भाऊ गेल्यावरही हे थांबलं नाही. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकबद्दल मॅक्लारेन चौकशीनं २०२१ मध्ये सांगितलं की निकाल फिरवायची व्यवस्थाच तिथं उभी होती. २०१९ मध्ये ऑलिम्पिक समितीनं हौशी बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेला निलंबित केलं, २०२३ मध्ये मान्यता काढून घेतली, आणि २०२५ उजाडेपर्यंत लॉस एंजेलिस २०२८ मध्ये बॉक्सिंग असेल की नाही हेच नक्की नव्हतं. पहाटे चारला उठून धावणाऱ्या पोराला काय सांगायचं अशा वेळी? सगळं आयुष्य ज्या स्पर्धेसाठी वेचायचं ती स्पर्धा राहील का, हे जर कारभाऱ्यांनाच माहीत नसेल, तर पोरं लवकर निघून जातात. तयारी पूर्ण व्हायच्या आत जातात. भावाच्या वहीत शेवटच्या हौशी वर्षातल्या एका नोंदीपुढे शेऱ्यात मी लिहिलंय, "जिंकला होता. पंचांनी हरवलं." त्या रात्री त्यानं पहिल्यांदा व्यावसायिक व्हायचं नाव काढलं.

एक गैरसमज होऊ नये. बॉक्सिंग बंद करा असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. या खेळानं माझ्या भावाला ताठ उभं राहायला शिकवलं. चौदाव्या वर्षी तो खांदा डावीकडे टाकून उजवीकडून असा निसटायचा की समोरचा मुलगा रिकाम्या जागेवर ठोसा मारून स्वतःच गडबडायचा, आणि बाजूला बसलेली म्हातारी माणसं हसून टाळ्या वाजवायची. लढत संपल्यावर दोघं एकमेकांना मिठी मारायचे तेव्हा त्या मिठीत खोटं काही नसायचं. अनोळखी मुलानं आपल्या मुलाला मारलं आणि नंतर प्रेमानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, हे आईला समजावताना मला शब्द सापडत नसत, पण मी ते पाहिलंय. ज्या खेळावर माझा राग असता त्याच्या १८७ नोंदी मी ठेवल्या नसत्या.

पाचव्या व्यावसायिक वर्षापासून त्याचं काम बदललं. सुरुवातीच्या अकरा लढती तो ओळीनं जिंकला होता. नंतर दोन मोठ्या लढती हरला, आणि प्रवर्तकांच्या, म्हणजे लढती भरवणाऱ्यांच्या, लेखी तो वर चढणाऱ्या पोरांची नोंद भरून काढायला बोलवायचा अनुभवी माणूस झाला. दहा दिवस आधी फोन यायचा. वजन जास्त असायचं, तयारी नसायची, तरी तो जायचा. लढाऊ आहे, आठ फेऱ्या देतो, लवकर पडत नाही, ही त्याची ख्याती. लवकर न पडणं हीच त्या माणसाची किंमत असते आणि तेच त्याच्या डोक्याला भोवतं. पहिल्या फेरीत पडला असता तर कदाचित आज बरा असता. तुमच्या परवान्याच्या कागदांवर अशा लढतींपुढे ‘गुणांवर पराभव’ इतकंच असतं. आठ फेऱ्या मार खाऊन गुणांवर हरणं आणि हलक्या हातानं खेळून हरणं यात तुमची नोंद फरक करत नाही. म्हणून नॉकआउट मोजून धोका ठरवणं पुरेसं नाही.

मेल्ड्रिक टेलरकडे पाहा. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सतराव्या वर्षी सुवर्ण. १९९० च्या मार्चमध्ये खुलिओ सेझार चावेझविरुद्ध तो दोन गुणपत्रिकांवर पुढे होता आणि बाराव्या फेरीची दोन सेकंदं उरली असताना पंचांनी लढत थांबवली. त्या दोन सेकंदांवर आजही वाद होतात. मला मात्र त्याआधीच्या छत्तीस मिनिटांबद्दल आणि त्यानंतरच्या बारा वर्षांबद्दल बोलायचंय. जिंकत असलेल्या त्या माणसाचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता, आणि त्यानंतर २००२ पर्यंत त्याला लढती मिळत राहिल्या. पुढे त्याचं बोलणं जड झालेलं लोकांनी चित्रवाणीवर ऐकलं. मुहम्मद अलींना १९८० च्या ऑक्टोबरमध्ये, अडतिसाव्या वर्षी, लॅरी होम्सविरुद्ध उतरू दिलं गेलं. त्यांची शेवटची लढत डिसेंबर १९८१ मध्ये बहामासमध्ये झाली. १९८४ मध्ये त्यांना पार्किन्सनचं निदान झालं. एका ठिकाणी शंका आली की दुसरं ठिकाण शोधायचं, ही वाट जगातल्या सगळ्यात मोठ्या बॉक्सरसाठी खुली होती, तर माझ्या भावासाठी ती बंद कोण करणार?

हे नव्यानं कळलेलं नाही. न्यू जर्सीतल्या डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये लिहून ठेवलं की सतत ठोसे खाल्लेल्या बॉक्सरांची चाल, हात आणि बोलणं बिघडतं. ब्रिटनमध्ये डॉ. रॉबर्ट्स यांनी निवृत्त व्यावसायिक बॉक्सर तपासले, अहवाल १९६९ मध्ये आला. २२४ जणांपैकी ३७ जणांत मेंदूच्या इजेची लक्षणं होती, आणि जितक्या लढती जास्त, जितकी वर्षं जास्त, तितकी ती जास्त. एकूण मार हाच मुद्दा आहे हे तेव्हापासून ठाऊक आहे. तरी एकूण म्हणजे किती, हे लिहायची जागा तुमच्या अर्जात नाही.

वहीतल्या सह्यांकडे माझं लक्ष गेल्या वर्षी गेलं. डॉक्टरांसाठी पानांच्या प्रती काढत होते. बाराव्या वर्षीची सही म्हणजे पोरकट, मोठाली अक्षरं. अठराव्या वर्षी वळणदार, खाली एक रेघ. ती रेघ १२० व्या नोंदीपर्यंत सरळ आहे. १६० नंतर ती थरथरते. १७० नंतर नावातलं एक अक्षर कधी असतं, कधी नसतं. १८० नंतर ती सही आहे हे मला माहीत आहे म्हणून कळतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच वहीत, माझ्याच पेनानं झालं. निकाल लिहायच्या घाईत मी सहीकडे पाहिलं नाही. माझा दोष मी लपवत नाही. पण मी डॉक्टर नव्हते, परवानाही देत नव्हते.

रिंगशेजारच्या व्यवस्थेबद्दल थोडक्यात. मायकेल वॉटसन १९९१ च्या सप्टेंबरमध्ये ख्रिस युबँकविरुद्ध कोसळला तेव्हा श्वास चालू ठेवायची सोय रिंगपाशी नव्हती. तो वाचला, पण आयुष्यभराचं अपंगत्व आलं. ब्रिटिश मंडळावर त्यानं दावा लावला आणि १९९९ मध्ये तो जिंकला. अपिलातही न्यायालयानं सांगितलं की नियम करणाऱ्या मंडळावर बॉक्सरच्या काळजीची जबाबदारी आहे. मगोमेद अब्दुसलामोव २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दहा फेऱ्या खेळून टॅक्सीनं इस्पितळात गेला, मेंदूत रक्तस्राव होत असताना. हे निकाल आणि या घटना तुम्हाला पाठ असतील. तरी माझ्या भावाच्या एका लढतीच्या रात्री एकुलती रुग्णवाहिका आधीच्या बॉक्सरला घेऊन गेली होती आणि ती परत येईपर्यंत कार्यक्रम थांबवला नाही.

पैशाचं रडगाणं मी गाणार नाही. मॅनेजर, प्रशिक्षक, तपासण्या, परवाना असं एकेक वजा होत काय उरतं, हे प्रत्येक बॉक्सरच्या घराला माहीत आहे. अमेरिकेनं २००० साली अलींच्या नावानं कायदा करून प्रवर्तक आणि मॅनेजर यांचे हितसंबंध वेगळे ठेवायला सांगितले. कॅलिफोर्नियात १९८२ पासून बॉक्सरांचा निवृत्तिनिधी आहे, तिकिटांतून पैसे जमतात. म्हणजे मनात आणलं तर होतं.

आणि मुलींचं काय? त्यांना ऑलिम्पिकमध्ये २०१२ साली जागा मिळाली. ती पहिली पिढी आता तिशी-चाळिशीत आहे, त्यातल्या काही जणी व्यावसायिकही झाल्या. त्यांच्या लढतींची बेरीज कुणी करतंय का? रॉबर्ट्स यांच्या २२४ जणांसारखा त्यांचा अभ्यास व्हायला आणखी चाळीस वर्षं लावू नका.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची: एका बॉक्सरची एकच नोंद. पहिल्या हौशी लढतीपासून शेवटच्या व्यावसायिक लढतीपर्यंत, प्रत्येक काउंट, प्रत्येक थांबवलेली लढत, प्रत्येक विश्रांती एका वैद्यकीय पुस्तकात असावी आणि ते दाखवल्याशिवाय कुठल्याही देशात, कुठल्याही मंडळानं परवाना देऊ नये. खेळाडूच्या विजय-पराजयाचे आकडे तुम्ही खुशाल वेगवेगळे मोजा. डोक्याचे आकडे एकत्र मोजा.

विश्रांतीची मुदत हौशी-व्यावसायिक सीमेवर आणि देशांच्या सीमेवर संपता कामा नये. ९० दिवस म्हणजे सगळीकडे ९० दिवस. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानं एका राज्याची बंदी दुसऱ्या राज्यानं पाळायची असं ठरवलं, तसंच देशादेशांत ठरवा. आणि त्या मुदतीत स्पारिंगही बंद. व्यायामशाळेनं स्पारिंगच्या फेऱ्या लिहून ठेवाव्यात, परवान्याच्या नूतनीकरणाला तो कागद जोडावा.

दुसरी रुग्णवाहिका जागेवर नसेल तर पुढची लढत सुरू करू नये. यावर चर्चेची गरज नाही.

परवाना देताना नॉकआउटबरोबर एकूण फेऱ्याही पाहाव्यात. ठरावीक फेऱ्यांनंतर, हौशी धरून, मेंदूची सविस्तर तपासणी सक्तीची हवी, आणि ती तपासणारा डॉक्टर प्रवर्तकानं नेमलेला नसावा. पहिल्या व्यावसायिक करारावर सही करण्याआधी तो कुठल्या तरी तिसऱ्याच वकिलानं बॉक्सरला समजावून सांगावा.

निवृत्तीनंतर दर वर्षी एक तपासणी, मोफत. किताबाच्या लढतींतून मान्यतेचं शुल्क म्हणून मानधनातला जो टक्का किताबांच्या संघटना घेतात, त्यातला हिस्सा यासाठी बाजूला काढावा. जे कधीच व्यावसायिक झाले नाहीत, दीडशे लढती खेळून नोकरीला लागले, त्यांनाही ही तपासणी मिळावी. ते तर कुणाच्याच कक्षेत नाहीत.

शेवटची मागणी माझ्या भावापुरती: त्याला पुन्हा परवाना मिळू शकतो, हे वाक्य मागे घ्या. लेखी. त्याला अजून लढतीचे फोन येतात आणि तो अजून हो म्हणतो. तुमचं पत्र मी लपवून ठेवलंय, पण किती दिवस लपवणार?

या पत्राचं उत्तर मला घरच्या पत्त्यावर नको. जाहीरपणे द्या, म्हणजे ज्या बहिणी, ज्या आया असल्या वह्या भरताहेत त्यांनाही वाचता येईल. वहीच्या सगळ्या पानांच्या प्रती मी दोन्ही कार्यालयांना आधीच पाठवल्या आहेत, शेऱ्यांसकट. मूळ वही माझ्याकडे राहील. तो अधूनमधून ती मागतो, जुनी पानं उलटतो आणि चौदाव्या वर्षीच्या लढती मला पुन्हा सांगतो. त्या त्याला नीट आठवतात. १८७ व्या नोंदीपुढे सही नाही. त्या रात्री तो इस्पितळात होता, आणि नंतर मी ती मागितली नाही.

आपली,
एका बॉक्सरची मोठी बहीण